माशी कुठे शिंकली?

दुकानातून आणलेली रायफल वाकडी मारायला लागली तर माणूस कंपनीला चार शिव्या घालतो, पावती शोधतो आणि रात्री निवांत झोपतो. घरी जोडलेल्या रायफलीला ही सोय नाही. नळी एका कंपनीची, वरचा सांगाडा दुसरीचा, मागची साइट (नेम धरायची खूण) तिसरीची, ट्रिगर चौथीचा आणि दस्ता दिवाळी सेलमध्ये स्वस्त पडला म्हणून घेतलेला. यातला प्रत्येक जण आपापल्या जागी सज्जन. नळीवाल्यांना फोन केला की ते अदबीने विचारतात, "मागची साइट कुणाची आहे, सर?" साइटवाले त्याहून अदबीने, "नळीवरचा टॉवर, म्हणजे पुढच्या साइटचा खांब, सरळ बसलाय का, बघितलंत?" सांगाडेवाले तर थेट विचारतात, "जोडली कुणी?" एवढं झालं की तिन्ही फोन आपोआप संपतात. आपल्याकडे सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला गेलेला माणूस तलाठी, सर्कल आणि तहसील असा जसा फिरतो, तसा मी टेक्सासात बसून टोल-फ्री नंबरांवर फिरलो. फरक इतकाच की इथे प्रत्येक टेबलावर "हॅव अ ग्रेट डे" मिळतो.

इथल्या लोकांना याचं काही विशेष वाटत नाही. एआर-१५ गॅरेजमध्ये जोडणं हा टेक्सासात लाकडी स्टूल करण्याइतकाच सर्वमान्य छंद आहे. यूजीन स्टोनरने आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकात ही रायफल आखली, तिच्या गॅस यंत्रणेचं पेटंट १९७७ साली संपलं आणि तेव्हापासून ज्याला लेथ मशीन परवडतं तो तिचा कुठला ना कुठला भाग बनवतो. कायद्याच्या दृष्टीने रायफल म्हणजे फक्त खालचा नंबर घातलेला सांगाडा. तो परवानाधारक दुकानातून, ४४७३ नावाचा फॉर्म भरून, पार्श्वभूमी तपासून घ्यायचा. बाकी सगळं टपालाने येतं. आमच्या दारात एका दुपारी वीस इंची नळी आणि भाकरवडीचं खोकं शेजारी शेजारी पडलं होतं. आईने आधी नळीचं खोकं उघडलं आणि "हे खराब झालेलं दिसतंय" म्हणून बाजूला ठेवलं.

त्या ४४७३ मध्ये एक प्रश्न व्हिसाचा असतो. एच-वन-बीवाल्यांना काही अपवाद सोडले तर बंदूक घेता येत नाही. म्हणजे आधी ग्रीन कार्ड. आणि भारतात जन्मलेल्या माणसाची ग्रीन कार्डाची रांग काय असते, हे ज्यांच्या घरात कुणी अमेरिकेत आहे त्यांना मी सांगायला नको. माझी हौस पस्तिशीतली होती. परवानगी आली तोवर चाळिशी नाकावर आली होती. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या रांगेत आहे असं माझं मत आहे आणि ते मी इमिग्रेशन खात्याला कधीतरी लेखी कळवणार आहे.

कारण मला आयर्न साइट्स हव्या होत्या. दुर्बीण नको, लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवाली काच नको. पुढे नळीवर एक माशी, म्हणजे नेम धरायची बारीक उभी काडी, मागे बघायला एक भोक, बस्स. महाराष्ट्र मंडळातल्या एका मित्राने तिथल्या तिथे फोनवर रेड डॉटची जाहिरात दाखवली. "दोनशे डॉलर टाक, ठिपका दिसतो तिथे गोळी लागते, विषय संपला." पण विषय इतक्या लवकर संपवायचा असेल तर छंद कशाला करायचा? मी एम-१६ए२ च्या धर्तीची साइट बसवली. १९८३ मध्ये अमेरिकन मरीन्सनी घेतलेली ही पद्धत, म्हणजे सामान्य शिपायाला जमणारी. हे मी मॅन्युअलमध्ये वाचलं आणि मला धीर आला. शिपायाला जमतं ते बी.ई. मेकॅनिकलला का जमू नये?

आता ती सोपी पद्धत ऐका. गोळी उजवीकडे न्यायची असेल तर मागचं भोक उजवीकडे सरकवायचं. इथवर न्याय आहे. पण गोळी वर न्यायची असेल तर पुढची माशी खाली घालायची. माशी वर काढली की गोळी खाली. मागची साइट सरळमार्गी आणि पुढची उफराटी. त्यात माशीच्या बुडाशी एक बाण कोरलेला असतो आणि त्यापुढे 'अप' लिहिलेलं असतं. त्या बाणाच्या दिशेने फिरवलं की माशी खाली जाते. मग 'अप' काय जातं? गोळी. बाण माशीवर कोरायचा, पत्ता गोळीचा द्यायचा! ज्याने हे कोरलं त्याची नि माझी कधी भेट झाली तर मी त्याला फक्त एवढंच विचारीन की बाबा रे, तुझ्या घरातल्या लिफ्टलाही असंच बटण आहे का?

माशी फिरवायलाही एक विधी आहे. तिच्या शेजारी स्प्रिंगवर बसलेली बारीक टाचणी असते. ती दाबून धरायची आणि माशी पाव फेरा फिरवायची, की एक क्लिक. त्यासाठी चार दातांचं एक छोटं हत्यार मिळतं. टाचणी दाबली की हत्यार घसरतं, हत्यार बसलं की टाचणी वर येते आणि दोन्ही जमलं की तोवर तापलेल्या नळीवर करंगळी टेकते. ऑगस्टमधल्या टेक्सासात नळी तापायला गोळ्या झाडाव्याच लागतात असंही नाही.

एका क्लिकने किती फरक पडतो याचं गणित मात्र मला आवडलं. कोन मिनिटांत मोजतात. एका अंशात साठ मिनिटं, आणि एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर १.०४७ इंच. सगळे जण व्यवहारात एक इंच धरतात. ते वरचे ०.०४७ इंच सोडून द्यायला माझं मन तयार झालं नाही, म्हणून मी एक्सेलची शीट केली. माशीचा एक क्लिक सव्वा मिनिटाचा, मागचं भोक सरकवणाऱ्या चाकाचा अर्ध्या मिनिटाचा. पंचवीस यार्डांवर गोळी इंचभर वर न्यायला तीन क्लिक, इंचभर बाजूला न्यायला आठ. शीटमध्ये रंग भरले. बायको म्हणाली, "ऑफिसातल्या शीट्स इतक्या सुंदर केल्या असत्यास तर एव्हाना डायरेक्टर झाला असतास."

शीट घेऊन रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेलो आणि तिथे खरी गंमत कळली.

रेंजवर दोनच अवस्था असतात, हॉट आणि कोल्ड. हॉट असताना गोळीबार चालू, रेषेपुढे पाऊल टाकायचं नाही. कोल्ड झाली की रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून टेबलावर ठेवायची, मागे व्हायचं आणि मग चालत जाऊन आपलं टार्गेट बघून यायचं. त्या वेळात रायफलीला बोटही लावायचं नाही. नियम उत्तम आहे, त्यामुळे माणसं जिवंत घरी जातात. पण साइट लावणाऱ्याची अवस्था बघा. टार्गेट बघायला मिळतं तेव्हा माशीला हात लावता येत नाही, आणि माशीला हात लावता येतो तेव्हा टार्गेट लांबून नुसतं पांढरं दिसतं. मधल्या वेळात 'तीन क्लिक वर, अकरा डावीकडे' असं पुटपुटत परत यायचं, आणि शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ नेमका तेव्हाच विचारणार, "व्हेअर आर यू फ्रॉम?" सांगली म्हणजे कुठे, मुंबईपासून किती लांब, हे सांगून होईतो अकरा डावीकडे होते की उजवीकडे हे गेलेलं असतं.

शिवाय कागदावर भोकं पडली म्हणजे लगेच काही कळतं असं नाही. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या असतील तर त्यांचा मध्य काढून साइट हलवण्यात काही अर्थ नसतो. आधी भोकांचा घोळका व्हायला हवा, कुठेही का होईना. घोळका घट्ट असेल तर रायफल ठीक, साइट हलवा. घोळका विस्कटलेला असेल तर साइटला हात लावू नका, आधी स्वतःकडे बघा. माझा घोळका दुपारच्या जेवणानंतर कट्ट्यावर बसलेल्या मंडळींसारखा नव्हता, तर लग्नाच्या पंगतीला उशीर झाल्यावर जेवढे जिकडे तिकडे... जाऊ द्या, एकंदरीत मंडळी पांगलेली होती.

याचं कारण डोळे. आयर्न साइटचा नियम असा की नजर माशीवर हवी. माशी लख्ख, टार्गेट अंधुक, मागचं भोक तर जवळजवळ दिसेनासं. तरुण डोळा हे हसत करतो. माझ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरच्या भागातून टार्गेट लख्ख दिसतं, अगदी खालच्या भागातून पेपरातली अक्षरं दिसतात, आणि माशी या दोघांच्या मध्ये कुठेतरी एका चिंचोळ्या पट्टीत राहते. ती पट्टी सापडायला हनुवटी वर करावी लागते. हनुवटी वर केली की गाल दस्त्यावरून सुटतो. गाल दस्त्यावर टेकवला की माशीच्या दोन माश्या होतात. वर रेंजचा नियम म्हणून चष्म्यावरून जाड गॉगल, आणि गॉगलच्या आत टेक्सासची वाफ.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आपण काय मागतोय याचा संकोच वाटत होता, म्हणून सुरुवातीला "मला साधारण हातभर अंतरावरची एक वस्तू बघायची असते" असं मोघम सांगितलं. बाईंनी न बघताच विचारलं, "पिस्तूल की रायफल?" टेक्सासात त्यांना रोजचंच होतं. मग त्यांनी माशी डोळ्यापासून किती इंचांवर येते ते विचारलं, मी दशांशासकट सांगितलं आणि त्या हसल्या. म्हणाल्या, "हे तर मॉनिटरचं अंतर आहे. तुमच्याकडे कॉम्प्युटरचा चष्मा नाही का?" होता. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता. इतकी वर्षं ज्या चष्म्याने मी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधल्या तोच चष्मा निशाणबाजीसाठी अचूक निघाला, आणि आयटीवाल्यांची ही छुपी लष्करी क्षमता अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही.

त्या चष्म्याने घोळका खरंच आवळला. कागदावर हातरुमालाएवढ्या जागेत विखुरणाऱ्या गोळ्या लिंबाएवढ्या जागेत यायला लागल्या. आणि मग स्पष्ट दिसलं की हा सगळा लिंबू मधल्या काळ्या ठिपक्याच्या चांगलाच उजवीकडे आहे. पंचवीस यार्डांवर दोन इंच, म्हणजे शंभरावर आठ.

घरी येऊन रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासून शिकंज्यात धरली आणि डिजिटल लेव्हल लावली. नळीवरचा माशीचा टॉवर डावीकडे कललेला होता. जेमतेम एक अंश. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही. पण माशी नळीच्या वर अडीच इंच, मागचं भोक तिच्यापासून वीस इंचांच्या आसपास, म्हणजे एका अंशाचे शंभर यार्डांवर बरोब्बर आठ इंच होतात! शीट आणि कागद यांचं असं जमलेलं बघून मला इतका आनंद झाला की रायफल वाकडी आहे याचं वाईट वाटायचंच राहून गेलं.

नळीवाल्यांना फोटो पाठवले, आकडे पाठवले, शीटही पाठवली. उत्तर आलं, "हे आमच्या टॉलरन्समध्ये आहे. मागच्या साइटने भरून काढा." म्हणजे काय, तर पुढची माशी डावीकडे कललेली, तेव्हा मागचं भोकही सोळा क्लिक डावीकडे ढकला. दोघं मिळून वाकडे झाले की एकमेकांना सरळ दिसतील. अशी बरीच लग्नं टिकलेली मी पाहिली आहेत, पण पैसे मोजून घेतलेल्या नळीच्या बाबतीत हे तत्त्वज्ञान पचायला जड गेलं.

याच सुमारास आईने व्हिडिओ कॉलवर हा विषय मामाला सांगितला. मामा सिंधुदुर्गात असतो. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा यातली कुठलीही निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची असते, त्यामुळे तिचं निम्मं आयुष्य सरकारी कोठडीत गेलंय. मी त्याला टॉवर दाखवला, लेव्हल दाखवली, मिनिटं आणि क्लिक समजावले. मामाने शांतपणे पान जुळवलं.

"मेल्या, माशी कित्याक फिरवतंस? मान फिरव."

"मामा, एक अंश म्हणजे आठ इंच जातात."

"आमच्या बंदुकेची माशी आजोबांच्या टायमापासून वाकडी आसा. उजवीकडे मारता, म्हणान आमी डावीकडे धरतंव. डुकरानं अजून तक्रार करूक नाय."

मी हे हसण्यावारी नेलं. पुढच्या खेपेला रेंज ऑफिसरने माझा कागद पाहिला आणि म्हणाला, "डॉक, सरळ डावीकडे धर ना." हा माणूस निवृत्त मरीन. पहिल्या भेटीत त्याने मला डॉक म्हटलं. मी डॉक्टर नाही असं सांगितलं, त्यावर "ओके, डॉक" म्हणाला. साइट न हलवता बाजूला नेम धरून मारण्याला इथे केंटकी विंडेज म्हणतात, जुन्या शिकाऱ्यांची रीत, असं त्याने समजावलं. केंटकी आणि कणकवली यांचं आधीच ठरलं होतं, फक्त मला कुणी बोलावलं नव्हतं.

पण तो नुसतं सांगून थांबला नाही. "मी मारून बघू?" म्हणाला. पाच गोळ्या मारल्या. कागदावर पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ जवळ भोकं, आणि ती सगळी उजवीकडे. रायफल निर्दोष होती, टॉवर दोषी होता, आणि लिंबू व नाणं यांच्यातला फरक कुणाच्या खात्यावर टाकायचा हे त्याने बोलून दाखवलं नाही. मी त्याबद्दल त्याचा ऋणी आहे.

मग त्याने माझं चार दातांचं हत्यार बाजूला सारलं, एका काडतुसाच्या टोकाने टाचणी दाबली आणि माशी फिरवली. माझ्या हत्याराची किंमत मी त्याला सांगितली नाही. माशी किंचित खाली, मागचं चाक कट-कट करत डावीकडे. पुन्हा पाच. नाणं बरोबर मध्यभागी. मग म्हणाला, पंचवीसवर थांबू नकोस. नळी नजरेच्या रेषेच्या अडीच इंच खाली असते, म्हणून गोळी खालून वर चढते, रेषा ओलांडते, थोडं वरून चालते आणि पुढे कुठेतरी पुन्हा खाली उतरताना रेषेला भेटते. पन्नासवर जुळवलीस तर साधारण दोनशेवर पुन्हा भेटेल. दोन ठिकाणी खरी, मधे सगळीकडे थोडी वर. मी हे शीटमध्ये नवा टॅब उघडून नोंदवलं.

आता माझी पाळी. मी टेकलो, माशी लख्ख, श्वास अर्धा सोडला, पाच मारल्या. इंचभर खाली आणि थोडं डावीकडे. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अर्थातच. तो माझा झिरो, माझ्या डोळ्याला जुळवलेला नेम होता." प्रत्येकाचा डोळा भोकामागे थोडा वेगळ्या जागी येतो, गाल वेगळा टेकतो, म्हणून एकाने लावलेली साइट दुसऱ्याला तंतोतंत लागू पडतेच असं नाही. म्हणजे त्या घटकेला जगात माझी रायफल अचूक चालवू शकणारा एकच माणूस होता आणि त्याला संध्याकाळी पाचला घरी जायचं होतं.

त्याच्या देखरेखीखाली ती माझ्या डोळ्याला लावली. सप्टेंबर संपता संपता पन्नास यार्डांवर लिंबू काळ्या ठिपक्यावर बसला आणि तिथेच राहिला. जाताना त्याने सांगितलं, "चाकावर आणि माशीच्या बुडाशी रंगाची बारीक खूण कर. कधी हललं तर कळेल." मी बायकोकडे नेलपॉलिश मागितलं. तिने तिला कधीच न आवडलेला, कुणीतरी बारशाला भेट दिलेला गर्द लाल रंग दिला. कॉम्प्युटरचा चष्मा लावून, काडेपेटीच्या काडीने, मी दोन रेघा ओढल्या. इतकं सुबक काम मी कॉलेजच्या ड्रॉइंग शीटवरही केलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आई आलेली असताना शस्त्रपूजा व्हायची नाही हे शक्य नव्हतं. आमच्या घरी दरवर्षी पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, विळी आणि पान्यांचा सेट असतो. या वर्षी खरंखुरं शस्त्र आहे म्हणून आईला केवढा उत्साह. मी बोल्ट काढून, रिकामी असल्याची खात्री करून रायफल पाटावर ठेवली आणि झेंडू आणायला इंडियन स्टोअरला गेलो. परत आलो तर पाट सजलेला होता. नळीला हळदकुंकू, माशीवर एक ठसठशीत कुंकवाचं बोट, आणि रायफल मी कधी ठेवली नसेन इतकी चकाचक.

"पुसून घेतली हो चांगली," आई म्हणाली. "ते बाजूचं चाक ढिलं होतं बघ. हात लावला की कट-कट वाजत होतं. घट्ट बसवून टाकलंय."

"घट्ट म्हणजे? कुठल्या बाजूला फिरवलंस?"

"ज्या बाजूला घट्ट होतं त्या बाजूला."

"किती वेळा वाजलं?"

"ते मोजायचं असतं का? आणि लाल कसलातरी डाग पडला होता त्यावर, तोही काढला. नेलपॉलिशचा असावा, आधी निघेचना. मग तिच्याकडून ते रिमूव्हर मागून घेतलं."

मी बायकोकडे पाहिलं. ती झेंडू मोकळे करण्यात गढून गेली होती.